दर थंडीत हीटरचा प्लग काळा पडतोय, जळका वास येतोय? नुसता टॉप बदलून भागत नाही

डिसेंबर लागला, निफाडचा पारा खाली यायला लागला की आमच्या नाशिककडे माळ्यावरचे रूम हीटर खाली येतात आणि पाठोपाठ आम्हा वायरिंगवाल्यांचे फोन वाजायला लागतात. जळगाव असो, नागपूर-गोंदिया असो, महाबळेश्वर असो, तक्रार जवळपास तीच. "दादा, हीटर लावला की अर्ध्या तासात प्लग एवढा तापतो की हात लावता येत नाही, जळका वास येतो, मागच्या वर्षी टॉप बदलला होता, यंदा परत तेच." काही ठिकाणी सॉकेटचं प्लास्टिक वितळून टॉप (म्हणजे वायरीच्या टोकाचा पिनांचा प्लग) आतच चिकटलेला असतो, ओढला तर पिना सॉकेटमध्ये राहतात आणि टॉप हातात येतो.

बहुतेकांना वाटतं हीटर खराब आहे, किंवा "लाइट जास्त खेचतोय". हीटर दुकानात नेतात, दुकानदार लावून दाखवतो, चालतो मस्त. मग नवीन थ्री पिन टॉप घेतात, घरीच बसवतात, आठ-पंधरा दिवस बरं चालतं आणि परत वास. दरवर्षी असं होत असेल तर दोष सॉकेटच्या आतल्या पट्टीत किंवा तिच्या मागच्या वायरमध्ये असण्याचीच शक्यता जास्त, आणि तिथे कोणी बघतच नाही. थंडीत हीटरमुळे घरं पेटतात तेव्हा दरवेळी हीटरवर काही पडलेलं असतं असं नाही, कितीतरी वेळा सुरुवात भिंतीतल्या या दोन इंच जागेतून होते, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी गणित, सोपं आहे. हीटरवर २००० वॅट लिहिलंय, आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणजे करंट साधारण ८.७ अँपिअर. बेडरूममधलं साधं सॉकेट, ज्याला आपण अजून "पाचचं" म्हणतो, ते ६ अँपिअरचं असतं. म्हणजे सुरुवातच चुकली. मोबाइल चार्जरला, टेबल फॅनला ते सॉकेट आयुष्यभर पुरतं, हीटरला नाही. हीटरला "पंधराचं", म्हणजे आताचं १६ अँपिअरचं सॉकेट लागतं, ज्याच्या पिना जाड असतात. २००० वॅटच्या चांगल्या हीटरला कंपनीने १६ चा टॉप लावून दिलेला असतो आणि तो मुद्दाम दिलेला असतो, बेडरूममध्ये लागत नाही म्हणून तो कापून ६ चा टॉप बसवू नका, किंवा बाजारात ते मोठ्याचं छोटं करणारं कन्व्हर्जन प्लग मिळतं तेही लावू नका. ते कन्व्हर्जन विकायलाच नको असं माझं स्पष्ट मत आहे, हीटर आणि इस्त्रीसाठी तर नकोच नको.

पण १६ च्या सॉकेटवर लावूनही प्लग तापतो, त्याचं काय? इथे कॉन्टॅक्टचा विषय येतो. पिन सॉकेटमध्ये गेली की आतली पितळेची पट्टी तिला दोन्ही बाजूंनी घट्ट धरते. ती पकड सैल झाली की करंटला जायला जागा कमी मिळते, तिथे रेझिस्टन्स, म्हणजे अडथळा, तयार होतो आणि रेझिस्टन्समधून करंट गेला की उष्णता. समजा पाव ओहमचा रेझिस्टन्स तयार झाला, काहीच नाही वाटतो ना, पण ८.७ अँपिअरचा वर्ग करून पाव ओहमने गुणा, जवळपास १९ वॅट येतात. मोबाइल रिपेरिंगवाल्याकडे सोल्डरिंगची ती छोटी आयर्न असते ना, जिने कथील वितळतं, ती २५ वॅटची असते. म्हणजे जवळपास तेवढी उष्णता बंद प्लास्टिकच्या डबीत, भिंतीला चिकटून, रात्रभर. काळं पडणार नाही तर काय होणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोकांना पटायला वेळ लागतो. "एमसीबी (मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) आहे की, काही झालं तर ट्रिप होईल." नाही होत. हीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स २६ ओहमच्या आसपास, त्यात हा पाव ओहम वाढला तर करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. एमसीबीला फक्त जास्त करंट कळतो. १६ अँपिअरच्या एमसीबीतून साडेआठ-नऊ अँपिअर जातायत, त्याच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, इकडे सॉकेट वितळतंय. आरसीसीबी, ज्याला जुने लोक ईएलसीबी म्हणतात, तीही गळती शोधते, म्हणजे करंट अर्थिंगकडे किंवा माणसातून जात असेल तर पडते, शॉकपासून वाचवायला ती हवीच, पण सैल कॉन्टॅक्ट तिलाही दिसत नाही. या बिघाडासाठी घरात एकच सेन्सर आहे, तुमचं नाक आणि तुमचा हात.

आणि दरवर्षी परत का होतं ते पण यातच आहे. एकदा का पितळेची पट्टी तापून काळी-निळी झाली की तिची स्प्रिंग मरते. ती नंतर कितीही थंड झाली तरी पहिल्यासारखी पकडत नाही. त्या मेलेल्या पट्टीत तुम्ही कोराकरकरीत टॉप घातला तर नवीन पिना पहिले काही दिवस गुळगुळीत असतात म्हणून बरं चालतं, मग त्याही तापतात, त्यांच्यावर काजळी चढते आणि काजळीने रेझिस्टन्स अजून वाढतो. उलटंही तितकंच खरं, सॉकेट नवीन बसवलं आणि जुना काळा टॉप तसाच ठेवला तर तो टॉप नव्या सॉकेटची वाट लावतो. म्हणून टॉप आणि सॉकेट दोन्ही एकाच वेळी बदलायचे, एक बदलून दुसरा "चालतोय अजून" म्हणून ठेवायचा नाही. पॉलिश पेपरने पिना घासून परत वापरणारे खूप भेटतात, घासल्याने वरची काजळी जाते पण पिनेवरचा मुलामाही जातो आणि ती पुढच्या वेळी लवकर काळी पडते.

आता तुमच्याकडे नक्की कुठे बिघाड आहे ते कसं ओळखायचं. सीझनचा पहिला दिवस असेल तर आधी वास नीट ओळखा. वर्षभर माळ्यावर पडलेला हीटर लावला की पहिली पाच-सात मिनिटं धूळ जळल्याचा वास येतो, तो हीटरच्या तोंडाकडून येतो आणि कमी होत जातो, त्याने घाबरायचं कारण नाही (धूळ आधीच मऊ ब्रशने झटकून घेतली तर तोही येणार नाही). पण वास बोर्डाकडून येत असेल आणि मासळीसारखा किंवा कुजकट लघवीसारखा येत असेल तर ते बोर्डाचं किंवा टॉपचं प्लास्टिक तापतंय. घरात मासे आणलेले नाहीत, मांजर नाही, आणि बेडरूममध्ये असा वास येतोय असं कोणी सांगितलं तर मी आधी मेन बंद करायला सांगतो आणि मग गाडी काढतो.

वास नसेल तर हाताची परीक्षा. हीटर अर्धा तास पूर्ण पॉवरवर चालवा, मग स्विच बंद करा, टॉप बाहेर काढा आणि आधी प्लास्टिकला, मग जपून पिनांना बोट लावा. कोमट लागलं तर चालेल. बोट ठेवून राहवत नसेल तर तिथे ६० अंशांच्या आसपास गेलंय, तो पॉइंट त्या दिवसापासून हीटरला बंद. कोविडमध्ये घेतलेली कपाळाला लावायची गन इथे वापरू नका, ती ताप मोजायला बनवलेली आहे, एवढं वरचं तापमान दाखवत नाही. इंडस्ट्रियल गन असेल तर ती प्लास्टिकवर धरा, चकचकीत पिनेवर धरली तर आकडा चुकीचा कमी येतो.

मग पिना बघा. तीनपैकी एकच काळी आहे का दोन्ही? सॉकेटसमोर उभं राहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, म्हणजे करंट येणारी, डावीकडे न्यूट्रल, म्हणजे परत जाणारी. जी पिन काळी तिच्यासमोरची पट्टी सैल. बरेच जण फक्त फेज बघतात, टेस्टर लावला, दिवा लागला, म्हणजे ओके. पण न्यूट्रलमधूनही तेवढाच ८.७ अँपिअर परत जातो, आणि न्यूट्रल सैल असेल तर टेस्टर काहीच सांगत नाही. मी उघडलेल्या बोर्डांमध्ये न्यूट्रलच जळलेली असते असं खूपदा झालंय. दोन्ही पिना स्वच्छ आहेत पण टॉप बाहेरून गरम आहे, असं असेल तर टॉपच्या आतला स्क्रू सैल आहे. आणि टॉप थंड, पण स्विच किंवा बोर्डाची प्लेट गरम, तर भानगड मागे आहे.

मागे काय काय सापडतं ते सांगतो. एक, सॉकेट १६ चं आणि शेजारचा स्विच ६ चा. दिसायला प्लेट छान, पण सगळा करंट त्या छोट्या स्विचमधून जातोय. दोन, पॉवर सॉकेटला मेनपासून वेगळी वायर आणायचा कंटाळा केलेला आणि शेजारच्या फॅन-लाइटच्या पॉइंटवरून लूप मारून दिलेला, म्हणजे १ स्क्वेअर एमएमच्या वायरवर हीटर. ६ च्या सॉकेटला दीड, १६ च्या सॉकेटला अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, आणि गिझर किंवा एसीला चार, हा साधा हिशोब आहे. तीन, जुन्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत ॲल्युमिनियमची वायर. ती स्क्रूखाली दबत जाते, गंजते, आणि तांब्याला नुसती पीळ मारून जोडलेली असली तर तो जोड आज ना उद्या तापतोच. अशा घरात हीटर घ्यायच्या आधी निदान एक नवीन तांब्याची लाइन ओढून घ्या, भिंतीवर प्लास्टिकच्या पट्टीतून बाहेरून नेली तरी चालेल, दिसायला कसं दिसेल ते नंतर बघू.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. वायर सोलली की आत बारीक तारांचा झुबका असतो, तो टर्मिनलच्या भोकात मावत नाही म्हणून चार-सहा तारा कापून टाकतात. बाहेरून वायर अडीचची, आणि जिथे स्क्रू आवळलाय तिथे ती दीडचीही राहिलेली नसते. वर स्क्रू तारांवर न बसता इन्सुलेशनवर बसलेला. असा जोड महिनाभर चालतो, फॅनवर तर दहा वर्षं चालतो, हीटर लावला की दाखवतो आपलं रूप. वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबून बसवला किंवा तारा नीट पिळून, दुमडून आत घातल्या की हा प्रश्न राहत नाही. टोकाला कथील लावून मग आवळायची काहींची पद्धत आहे, तीही नको, कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू आपोआप सैल होतो.

म्हणजे करायचं काय, तर मेन बंद करून वायरमनकडून ते सॉकेट, त्याचा स्विच आणि हीटरचा टॉप तिन्ही १६ अँपिअरचे आयएसआय मार्कवाले नवीन बसवून घ्यायचे, मागची वायर काळी झाली असेल किंवा तिचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलं असेल तर तेवढा तुकडा कापून मागच्या चांगल्या वायरपर्यंत जायचं, आणि वायरच जर बारीक असेल तर मेन बोर्डापासून अडीचची वेगळी लाइन आणि तिला स्वतःचा १६ चा एमसीबी. खर्च येतो, पण दरवर्षीचे टॉप आणि एखादा जळलेला बोर्ड धरला तर फार जास्त नाही. स्वतः मेन बंद करून टॉप बदलणं ठीक आहे, भिंतीतला बोर्ड उघडणं सवय नसेल तर करू नका. आणि एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ काढून ३२ चा बसवा असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. एमसीबी वायरला वाचवायला आहे, तो मोठा केला की वायर त्याच्या आधी जळते. जुन्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणं म्हणजे पण तेच.

हे सगळं होईपर्यंत थंडी थांबत नाही, हे मान्य. तोपर्यंत हीटर अर्ध्यावर, म्हणजे १००० वॅटवर चालवा. पॉवर निम्मी झाली तर करंट निम्मा, पण सैल जागेतली उष्णता वर्गाच्या हिशोबाने चौथाई होते, १९ वॅटच्या जागी पाच वॅटसुद्धा नाहीत. हा तात्पुरता उपाय आहे आणि तोही प्लग काळा पडलेला नसेल आणि वरच्या हाताच्या परीक्षेत बोट ठेवता येत असेल तरच. काळा पडलेल्या सॉकेटवर काहीच लावू नका.

एक्स्टेंशन बोर्डाबद्दल वेगळं लिहावं लागतं कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच आहे. साध्या एक्स्टेंशनची वायर बारीक असते, आतल्या पट्ट्या पातळ असतात, त्यात हीटर, शेजारी मोबाइल, वर मच्छर मारायचं मशीन. वायर जास्त लांब म्हणून गुंडाळून ठेवलेली असते, गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही आणि मधली वेटोळी आधी वितळतात. सतरंजीखालून किंवा गादीखालून नेली तर तेच. हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला. जिथे सॉकेट नाही तिथे हीटर नाही, किंवा तिथे सॉकेट बसवून घ्यायचं. सकाळी त्याच लाइनवर पाणी तापवायचा रॉड लावायचा आणि हीटरही चालू ठेवायचा हेही टाळा, रॉड १५०० वॅटचा असतो.

हीटर दुरुस्तीला दिला असेल तर परत घेताना एक प्रश्न नक्की विचारा, "कटआउट डायरेक्ट तर नाही ना केला?" ब्लोअर हीटरमध्ये हवा अडली की तापमान वाढून एक सेफ्टी कटआउट हीटर बंद करतो. धूळ साचली की तो सारखा पडतो, गिऱ्हाईक वैतागतं, आणि काही कारागीर तो काढून वायरी थेट जोडून देतात. मग ब्लोअरच्या मागे पडदा चिकटला तरी हीटर थांबत नाही. उभा हीटर आडवा पडला की बंद करणारा जो टिल्ट स्विच असतो त्याचंही तसंच, हीटर चालू असताना जरा कलता करून बघा, बंद व्हायलाच हवा. माळ्यावरून काढल्यावर वायर पूर्ण उलगडून हाताने चाचपून घ्या, उंदराने कुरतडलेली जागा बहुतेक वेळा वेटोळ्याच्या आतल्या बाजूला असते.

आता बाळंतिणीच्या खोलीबद्दल, कारण रात्रभर हीटर सगळ्यात जास्त तिथे चालतो. लेक माहेरी बाळंतपणाला आली आणि थंडीचे दिवस असले की घरातले सगळे जिवाचं रान करतात, ते साहजिक आहे. पण कामाला गेल्यावर त्या खोलीत मला काय दिसतं ते बघा. पलंग भिंतीला लावलेला, त्याच्या कडेला लाल रॉडचा हीटर, वरून नायलॉनची मच्छरदाणी खाली आलेली, समोर खुर्चीच्या पाठीवर बाळाची दुपटी आणि लंगोट वाळत घातलेले, मालिशचं तेल लागलेला पंचा शेजारीच, हीटरची वायर एक्स्टेंशनला आणि एक्स्टेंशन गादीखाली. दुपटं वाळलं की हलकं होतं आणि पंख्याच्या नाहीतर ब्लोअरच्या वाऱ्याने सरकून थेट रॉडवर पडतं. तेलकट सुती कापड तर बघता बघता पेट घेतं.

त्या खोलीत हीटर हवाच असेल तर लाल रॉडचा नको, तेल भरलेला रेडिएटर घ्या, ज्याला दुकानात ओएफआर म्हणतात. त्याला उघडी तापलेली तार नसते आणि थर्मोस्टॅट असतो. महाग पडतो, जड असतो, खोली तापायला वेळ घेतो, पण पडदा लागला म्हणून लगेच भडका होत नाही. त्याच्यावरही कपडे वाळत घालायचे नाहीत. कुठलाही हीटर असो, चारी बाजूंनी तीन फूट मोकळे हवेत, मच्छरदाणी, गोधडी, पडदा, कागद काहीच नको. आंघोळीच्या आधी अर्धा तास खोली गरम करून घ्या, आंघोळ, शेक, धुरी होऊ द्या, आणि सगळे झोपायच्या आधी हीटर बंद करा, नुसता स्विच बंद करून न थांबता टॉपही काढून ठेवा. बाळाला एक अंगडं जास्त घाला, कुंची बांधा, रात्र आरामात जाते. आजींना हे सांगताना जरा समजावून सांगावं लागतं, पण सॉकेटची काळी पट्टी काढून हातात दिली की त्या स्वतःच बंद करायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

शेगडीचं थोडक्यात सांगतो. कोळसे बाहेर पेटवून, धूर गेला की आत आणतात आणि दार लावून घेतात, कारण धूर नाही म्हणजे धोका नाही असं वाटतं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतच असतो, त्याला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. डोकं दुखणं, मळमळ, उगाच झोप येणं ही लक्षणं एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम झाली तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा. शेक देताना खिडकी उघडी ठेवा, शेक झाला की शेगडी लगेच बाहेर, झोपताना तर आत नकोच. आणि राख वरून थंड दिसते पण आतला निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असू शकतो, ती प्लास्टिकच्या केराच्या बादलीत टाकू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवा.

समजा प्लगने पेट घेतलाच. हाताने टॉप ओढायचा नाही, पाणी मारायचं नाही. मेन बंद करा, आणि मेनपर्यंत जाणं सेफ नसेल तर तेही सोडा. आग बोर्डापुरतीच असेल आणि घरात ड्राय पावडरचा किंवा सीओटूचा सिलिंडर असेल तर तो मारा, नाहीतर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, जाताना त्या खोलीचं दार लावून घ्या आणि बाहेरून १०१ किंवा ११२ ला फोन करा. दार लावायचं यासाठी सांगतोय की धूरच जास्त मारतो. २०२२ च्या ९ जानेवारीला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये एका १९ मजली इमारतीत इलेक्ट्रिक हीटरमुळे एका घरात आग लागली, आग फार पसरलीच नाही, पण आपोआप बंद व्हायला हवं होतं ते घराचं दार उघडंच राहिलं आणि जिन्याने धूर वरपर्यंत गेला. १७ माणसं गेली, त्यात ८ मुलं.

तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी पण दोन ओळी, कारण मुलं तिकडे आणि आई-वडील थंडीत त्यांच्याकडे गेलेले असतात. अमेरिकेत व्होल्टेज १२०, हीटर १५०० वॅटचा, म्हणजे करंट साडेबारा अँपिअर. आपल्या २००० वॅटच्या हीटरपेक्षा जास्त. त्याच पाव ओहमच्या सैल कॉन्टॅक्टमध्ये तिथे १९ ऐवजी ३९ वॅट तयार होतात, म्हणून भाड्याच्या जुन्या अपार्टमेंटमधलं ढिलं आउटलेट, ज्यातून टॉप आपोआप खाली सरकतो, त्यावर स्पेस हीटर लावूच नका, मॅनेजमेंटला सांगून आउटलेट बदलून घ्या, ते छोटंसं काम आहे. पॉवर स्ट्रिप तिथेही नको. स्मोक अलार्म फोडणीने वाजतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवलेली असते, ती परत घाला. आपल्याकडेही बॅटरीवरचे सुटे अलार्म मिळतात, बेडरूमच्या छताला एक लावून टाका.

अजून एक केस राहिली. हीटर लावला की फक्त त्या खोलीतला दिवा किंचित मंद होत असेल तर ते वायरीवरचं नेहमीचं ड्रॉप असू शकतं. पण दिवे मिणमिणत असतील, किंवा काही दिवे मंद आणि काही एकदम जास्त उजळ होत असतील, तर कुठेतरी न्यूट्रल सैल आहे, घराच्या मेनवर, मीटरवर किंवा खांबावर. टीव्ही-फ्रिजचे टॉप काढून ठेवा, मेन बंद करा आणि महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा, मीटरचं आणि त्याच्या पलीकडचं, खांबाकडचं काम वायरमनने करायचं नसतं.

आणि नवीन सॉकेट बसवून झाल्यावर लगेच निश्चिंत होऊ नका. तांब्याच्या बारीक तारा स्क्रूखाली पहिल्या काही दिवसांत बसतात, पकड जराशी कमी होते, शिवाय तापणं-थंड होणं चालूच असतं. आठ-दहा दिवस हीटर वापरल्यावर वायरमनला परत बोलवा, मेन बंद करून सॉकेटचे, स्विचचे आणि टॉपचे सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्यायला सांगा. पहिल्या वेळीच पैशाचं ठरवताना ही दुसरी चक्कर धरून बोला, म्हणजे तो यायला कुरकुरत नाही.